क्रेओन म्हणजे आपला कारभारी
वाचकांचे प्रश्न, प्राध्यापकांची उत्तरे

प्रश्न : सर, आमच्या वाचनमंडळात आम्ही आठजणी आहोत. यंदा ग्रीक नाटकं वाचायला घेतली. ‘अँटिगनी’मध्ये थीब्जचा राजा क्रेऑन. पुढच्या महिन्यात ‘मेडिया’ उघडलं, तर तिथे करिंथचा राजाही क्रेऑन! दोघी म्हणतात हा तोच, दोघी म्हणतात छापण्यातली चूक, बाकीच्या चहा टाकायला उठल्या. त्यात भर म्हणजे प्रस्तावनेत या करिंथच्या राजाच्या मुलीचं नाव क्रेऊसा दिलंय आणि ट्रॉयच्या ईनियसची बायकोही क्रेऊसाच. हे काय गौडबंगाल आहे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, छापणाऱ्याला दोष देऊ नका. आणि हा तो नव्हे. क्रेओन दोन आहेत, नीट शोधले तर आणखी निघतात. भांडण मिटायला एवढं पुरे. पण तुमचं पत्र वाचून मला चाळीसेक वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली. ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

मी तेव्हा नाशिकला संस्कृत शिकवत होतो. ग्रीक यायचं नाही, इंग्रजी भाषांतरांवर भागवायचो. एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेला बोलावलं होतं, विषय ग्रीक शोकांतिका. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो, “ज्या क्रेओनचा मुलगा अँटिगनीपायी गेला, त्याच क्रेओनची मुलगी पुढे मेडियानं पाठवलेल्या विषारी वस्त्रात जळून गेली. काय एकेकाचं नशीब!” लोक हळहळले. प्रश्नोत्तरांच्या वेळी तिसऱ्या रांगेतले एक टोपीवाले आजोबा उठले. “ते समजलं. पण हे गृहस्थ थीब्ज सोडून करिंथला गेले कधी?”

मी क्षणभर गप्प. मग मास्तरकीची जुनी खोड कामाला आली. म्हटलं, ईडिपस करिंथच्या राजवाड्यात वाढला होता, तिथली गादी त्याला मिळायची होती, त्याच्यावर तर आभाळ कोसळलं. गादी रिकामीच राहिली, ती क्रेओनला गेली. आजोबा “अस्सं होय” म्हणून बसले. मी परतीच्या यष्टीत रात्रभर जागा. कारण उत्तर इतकं चपखल होतं, की मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं, आणि ते मी उभ्या उभ्या रचलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बसून पाहिलं. ईडिपसच्या कथेत करिंथचा राजा पॉलिबस, राणी मेरोपी. मेडियाच्या कथेत करिंथचा राजा क्रेओन. दोन कथा दोन वेगळ्या ओढ्यांनी वाहत आलेल्या. एका कथेतल्या गादीचा हिशेब दुसरीला द्यावा लागत नाही. थीब्जचा क्रेओन ‘अँटिगनी’च्या शेवटी मुलगा आणि बायको दोघांनाही गमावून जिवंत उरतो. करिंथचा क्रेओन मुलीच्या प्रेताला मिठी मारतो, तिच्या अंगावरचं विष त्याच्याही अंगाला चिकटतं, आणि सुटू पाहताना तो तिथेच मरतो. त्या आजोबांचा पत्ता मी कधी घेतला नाही, याचं वाईट वाटतं.

आता नावाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. ‘क्रेओन’ हे मुळात नावच नाही. होमरच्या काव्यात ‘क्रेइओन’ असा शब्द येतो, अर्थ ‘सत्ता चालवणारा’. ट्रॉयवर चालून गेलेल्या ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन, त्याला होमर पुन्हा पुन्हा ‘दूरवर सत्ता चालवणारा’ म्हणतो, तिथे हाच शब्द आहे. समुद्रदेव पोसायडनलाही तो लावतो. मजा म्हणजे ‘ओडिसी’त मेनेलाउस राजाच्या वाड्यावर एटिओन्यूस नावाचा एक सेवक आहे, पाहुणे आल्याची वर्दी देणारा. त्यालाही होमर खुशाल ‘क्रेइओन’ म्हणतो. म्हणजे हा शब्द सिंहासनावर बसणाऱ्यापुरता नव्हता. ज्याच्या हाती काही ना काही कारभार आहे, तो क्रेइओन.

यावर मला एकच मराठी शब्द सुचतो, आणि तो ‘राजा’ नाही. तो आहे ‘कारभारी’.

तुम्ही सांगलीच्या, तुमच्याकडे हे नाव किती चालतं ते सांगू शकत नाही. आमच्या नाशिक-नगर पट्ट्यात कारभारी हे पुरुषाचं सरळ नाव असतं. बारशाला ठेवलेलं, शाळेच्या दाखल्यावरचं. माझ्या एका वर्गात दोन कारभारी होते. हजेरी घेताना मी ‘निफाडचा कारभारी’ आणि ‘सिन्नरचा कारभारी’ म्हणायचो. दोघांचं एकमेकांशी नातं नव्हतं, आणि दोघांच्याही घरी कुणाचा कारभार नव्हता. एकाचे वडील तर परक्याच्या शेतावर सालगडी. पुढे थीब्जचा क्रेओन आणि करिंथचा क्रेओन असं लिहिण्याची वेळ आली, तेव्हा ही हजेरी कानात वाजली.

तर सांगायचं असं, की कथेला अमुक एका नगरात राजा लागतो. आपल्या कहाणीला त्याची अडचण पडत नाही. ‘आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता.’ झालं. राजाचं नाव काय, हे माझ्या आजीला आम्ही कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिनं पाठीत धपाटा घातला असता. ग्रीक कथाकाराचं मात्र असं भागत नसे. तिथे प्रत्येक नगराला आपली वंशावळ, आपलं दैवत, आपली थडगी. बिननावाचा राजा खपत नसे. मग जागा भरायला तयार नाव उचललं जाई : सत्ताधारी, म्हणजे क्रेओन. मुलगी असेल तर त्याच शब्दाचं स्त्रीलिंगी रूप, क्रेऊसा, म्हणजे सत्ताधारीण, राजकन्या.

तुमच्या क्रेऊसांचा उलगडा यातच झाला. करिंथची एक. ईनियसची बायको, प्रिअमची मुलगी, ती दुसरी. तिसरी अथेन्सच्या एरेक्थिअस राजाची मुलगी, तिच्यावर युरिपिडीजचं अख्खं नाटक आहे, ‘आयॉन’ नावाचं. तुमच्या यादीत नसेल तर घाला, त्यात चक्क कुणी मरत नाही. आणि हो, ‘मेडिया’ नाटकात युरिपिडीजनं त्या करिंथच्या मुलीला नावच दिलेलं नाही! ती फक्त ‘राजाची मुलगी’. क्रेऊसा किंवा ग्लॉकी ही नावं इतर लेखकांची. प्रस्तावनाकारानं त्यांतलं एक उचललेलं दिसतं. ग्लॉकीच्या नावाचा एक झरा करिंथमध्ये दाखवत असत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसानिअस हा प्रवासी तिथे गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं, की विषाची आग शमावी म्हणून तिनं यात उडी घेतली. खडकात कोरलेलं ते पाण्याचं ठिकाण आजही करिंथच्या अवशेषांत आहे.

आणखी एक क्रेओन ‘इलियड’मध्ये केवळ बाप म्हणून येतो. रात्रीच्या पहाऱ्यावर सात तरुण नायक नेमले जातात, त्यांतल्या लायकोमिडीजचा तो बाप. बस्स, एवढंच. आणि कथा सोडून इतिहासात आलं तरी नाव पाठ सोडत नाही. अथेन्समध्ये वर्षावर्षाला नवा ‘आर्कोन’ नेमण्याची पद्धत सुरू झाली ती इ.स.पू. ६८२च्या सुमारास, आणि परंपरा सांगते की पहिल्या आर्कोनचं नाव होतं क्रेओन. आर्कोन म्हणजेही सत्ता चालवणारा. म्हणजे श्रीयुत कारभारी, पद कारभारी. निफाडच्या कारभाऱ्याला हे सांगितलं असतं तर तो हसून लोळला असता.

संस्कृतवाला असल्यामुळे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. तौलनिक भाषाशास्त्रातले काही अभ्यासक या ‘क्रेइओन’चं नातं आपल्या ‘श्री’ आणि ‘श्रेयस्’ या शब्दांशी जोडतात. संस्कृतातल्या ‘श’च्या जागी ग्रीकमध्ये ‘क’ सापडतो, हे नेहमीचंच : आपलं ‘शतम्’, त्यांचं ‘हेकातोन’, आपला ‘श्वन्’ म्हणजे कुत्रा, त्यांचा ‘क्युओन’. ते नातं धरलं तर क्रेओनला ‘श्रीमंत’ म्हणायलाही हरकत नाही, आणि तेही पैशाच्या अर्थानं नव्हे, पेशव्यांच्या नावामागे लागायचं त्या अर्थानं. तुमच्या गावी १८४३ साली विष्णुदास भावे यांच्याकडून ज्यांनी पहिलं नाटक करवलं, ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनही श्रीमंतच. पण मी कारभारीच पसंत करतो, आणि त्याला कारण थीब्जचा क्रेओन स्वतः आहे.

तो राजाचा मुलगा नाही. तो राणीचा भाऊ. बहीण जोकास्टा हिला लेअस राजाला दिली, आणि हे वाड्याच्या आसपास. लेअस वाटेत मारला गेला, तेव्हा कारभार याच्याकडे. नगराबाहेर स्फिंक्स बसली, तेव्हा यानंच दवंडी पिटली, की कोडं सोडवील त्याला राज्य आणि बहीण. ईडिपसनं सोडवलं. पुढे ईडिपसनं नकळत बापालाच मारलं आणि आईशीच लग्न केलं हे उघडं पडलं, पुन्हा कारभार याच्याकडे. ईडिपसचे दोन मुलगे एटिओक्लीज आणि पॉलिनायसीज एकमेकांच्या हातून मेले, तिसऱ्यांदा याच्याकडे. गादी कधीच याच्यासाठी नव्हती, आणि दर वेळी तीच याच्या पदरात येऊन पडली.

आपल्याला या नात्याची पूर्वपीठिका आहे, म्हणून मराठी वाचक त्याच्याकडे लगेच संशयानं बघतो. राणीचा भाऊ म्हटला की शकुनी. संस्कृत नाटकात बघा, ‘मृच्छकटिका’तला शकार, राजाचा मेहुणा, मूर्ख आणि माजोरी. ‘साला’ ही शिवी उगाच नाही झाली. ईडिपसच्या घोळामुळे तर क्रेओन त्याचा मेहुणाही होतो आणि मामाही. अँटिगनीचा तर तो मामा, तिच्या बापाचाही मामा, आणि होणारा सासराही, कारण हेमन या त्याच्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं. (आपल्याकडे पुष्कळ समाजांत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. हेमनची अँटिगनी आतेबहीण लागते. आमच्या घरातल्या मंडळींनी ही सोयरीक मोडलीच असती, आणि बरंच झालं असतं.)

पण ‘अँटिगनी’ लिहिणाऱ्या सोफोक्लीजचा क्रेओन शकुनी नाही. त्याच्याच ‘ईडिपस’ नाटकात राजा क्रेओनवर कटाचा आरोप करतो, तेव्हा तो जे उत्तर देतो ते अस्सल कारभाऱ्याचं आहे. तो म्हणतो, विचार कर, तीच सत्ता धास्तीशिवाय मिळत असेल, रात्री शांत झोप लागत असेल, तर भीतीसकट राज्य कोण मागेल? लोकांना तुझ्याकडून काही हवं असलं की ते मला गाठतात, माझी खुशामत करतात. मग मुकुट कशाला हवा? हा युक्तिवाद माझ्या ओळखीच्या किती तरी चिटणीस आणि खजिनदारांनी केलेला आहे, अध्यक्षपद नाकारताना.

‘अँटिगनी’त मुकुट डोक्यावर आलाय. पॉलिनायसीजचं प्रेत उघड्यावर ठेवायचा त्याचा हुकूम, आणि तो मोडून भावाला माती देणाऱ्या अँटिगनीला गुहेत कोंडायची शिक्षा. तिथे तो म्हणतो, नगर सत्ताधाऱ्याचंच असतं ना? आणि मुलगा सुनावतो, की ओसाड जागी एकट्यानं तुम्ही फार छान राज्य कराल. या जागी मूळ ग्रीक वाचताना मला नावाची आठवण येते. क्रेओन नावाच्या माणसाला पोरगं शिकवतंय, की सत्ता चालवणं म्हणजे काय!

तुमच्या मंडळात पुन्हा वाचाल तेव्हा शेवटाकडे एक बारीक गोष्ट बघा. टायरेसियस या आंधळ्या द्रष्ट्याच्या भाकितानं क्रेओन हबकतो आणि नगरातल्या वृद्धांना विचारतो, काय करू? ते स्पष्ट सांगतात : आधी पोरीला गुहेतून सोडव, मग त्या उघड्यावरच्या प्रेताचं दफन कर. तो निघतो, आणि उलट्या क्रमानं करतो. आधी पॉलिनायसीजचं प्रेत धुणं, जाळणं, वर मातीचा ढीग रचणं, सगळं यथासांग. मग गुहेकडे. तोवर अँटिगनीनं गळफास घेतलेला असतो. काही अभ्यासक याचं धार्मिक समर्थन करतात, की देवांचा अपराध आधी निस्तरायला हवा होता. मला तसं वाटत नाही. मला तिथे एक माणूस दिसतो, जो घाबरल्यावर आधी चुकीच्या हुकमाचा कागद दुरुस्त करतो आणि जिवंत माणसाकडे मागून वळतो.

करिंथचा क्रेओन रंगमंचावर एकाच प्रवेशापुरता येतो. जावयाच्या पहिल्या बायकोला, म्हणजे मेडियाला, हद्दपारीचा हुकूम द्यायला. ती पाया पडते, एकच दिवस मागते. तो म्हणतो, माझा स्वभाव काही जुलमी राजाचा नाही, असली दया दाखवून मी पूर्वीही नुकसान करून घेतलंय, पण जा, दिला एक दिवस. तिला तेवढा पुरतो. म्हणजे एक क्रेओन न वाकल्यानं बुडाला, दुसरा वाकल्यानं. दोघांवर नाटकं लिहिणारे समकालीन, अथेन्सचे, ‘अँटिगनी’ इ.स.पू. ४४१च्या आसपासचं आणि ‘मेडिया’ ४३१चं. त्या वर्षीच्या स्पर्धेत ‘मेडिया’च्या संचाला तिसरा क्रमांक मिळाला होता, म्हणजे शेवटचा. परीक्षकांचं काय बोलायचं.

अजून एक इशारा. ‘ईडिपस’, ‘ईडिपस कलोनसला’ आणि ‘अँटिगनी’ ही तीन नाटकं एका पुस्तकात बांधलेली मिळतात, म्हणून लोक त्यांना एकसंध मालिका समजतात. ‘अँटिगनी’ आधी लिहिलं गेलं, आणि कलोनसचं नाटक सोफोक्लीजच्या मृत्यूनंतर इ.स.पू. ४०१मध्ये रंगमंचावर आलं. मधे चाळीस वर्षं. तिन्हींतला क्रेओन एकाच स्वभावाचा शोधू नका. एकात समंजस, एकात हट्टी, आणि कलोनसमध्ये तर आंधळ्या ईडिपसच्या मुली पळवून नेणारा. तिथे मात्र शकुनी आठवला तर माझी हरकत नाही.

प्रश्न : मुलाच्या अभ्यासाच्या पुस्तकात ‘ईडिपस टिरॅनस’ असं नाव आहे. ‘टायरंट’ म्हणजे जुलमी. पण ईडिपस तर प्रजेसाठी तळमळणारा दाखवलाय. मग हे नाव कसं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ‘तिरानोस’ हा शब्द ग्रीकांनी बाहेरून घेतला, बहुधा आशिया मायनरकडून. सुरुवातीला त्याला शिवीचा वास नव्हता. वारसाहक्कानं नव्हे, तर स्वतःच्या बळावर किंवा हिकमतीवर सत्ता मिळवलेला, तो तिरानोस. घराण्यातून आलेला, तो ‘बासिलेउस’. पुढे अथेन्सच्या लोकांना काही तिरानोसांचा चांगलाच अनुभव आला आणि शब्द नासला. आपला ‘बंडखोर’ बघा, वेळ आणि बोलणारा बदलला की त्याची चव बदलते.

ईडिपस थीब्जमध्ये परका, कोडं सोडवून राजा झालेला, म्हणून तिरानोस. गंमत पुढे आहे. नाटक संपताना कळतं, की तो लेअसचाच मुलगा, म्हणजे गादीचा जन्मसिद्ध वारस, खराखुरा बासिलेउस. आणि ज्या क्षणी तो हक्काचा राजा ठरतो, त्याच क्षणी त्याला नगरात राहायला जागा उरत नाही. शीर्षकातला ‘तिरानोस’ सोफोक्लीजनं स्वतः घातला असेल असं बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. कलोनसच्या नाटकाहून वेगळं ओळखू यावं म्हणून तो मागाहून चिकटला. मराठीत ‘राजा’ म्हणतात तेच सोयीचं.

‘बासिलेउस’चीही बढती झालेली आहे, तेही सांगून टाकतो. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदानं, होय, घरं बांधणाऱ्यानं, क्रीट आणि पायलॉस इथल्या मातीच्या पाट्यांवरची लिपी उलगडली. ट्रॉयच्या युद्धाच्या काळातलं ग्रीक त्यात निघालं. तिथे सर्वांत वरचा राजा आहे ‘वानाक्स’. बासिलेउस हा हलक्या दर्जाचा स्थानिक माणूस, कुठे कुठे तर तांबटांच्या चमूवरचा मुकादम. राजवाडे जळाले, वानाक्स गेले, मुकादम उरले आणि राजे झाले. आपल्याकडे छत्रपती साताऱ्यात राहिले आणि कारभार पुण्याला गेला, ते आठवून बघा.

प्रश्न : क्रेऑन, क्रिऑन, क्रेओन, काय लिहायचं? (एक मुद्रितशोधक, पुणे)

उत्तर : ग्रीक अक्षरं आहेत कप्पा, ऱ्हो, एप्सिलॉन, ओमेगा, न्यू. म्हणजे ऱ्हस्व ए, दीर्घ ओ. देवनागरीत ‘क्रेओन’ सर्वांत जवळचं. ‘क्रिऑन’ इंग्रजीतून आलेलं, तेही चालू द्या, पण एका पुस्तकात एकच ठेवा. ईडिपसचं मूळ रूप ‘ओइदिपूस’, अर्थ ‘सुजलेल्या पायाचा’. मेडियाला कृपा करून ‘मीडिया’ लिहू नका, परवा एका लेखात ‘मीडियानं स्वतःच्या मुलांचा खून केला’ असं वाचलं आणि मी वाक्य दोनदा तपासलं.

प्रश्न : ग्रीक लोक राजाला बासिलेउस म्हणत, हे मागच्या एका उत्तरात आलं होतं. त्यांचे राजे भारतात होते, तर आपण त्यांना काय म्हणत होतो? महाराष्ट्रात याचा काही पुरावा आहे का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : पुरावा तुमच्यापासून फार लांब नाही. आधी वायव्येकडे जाऊ. मिनँडर या ग्रीक राजाच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीकमध्ये ‘बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू’, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. त्राता महाराजा मिनँडर याचं. म्हणजे नाणं पाडणाऱ्यानंच शब्दकोश करून ठेवलाय : बासिलेउस म्हणजे महाराज. हाच मिनँडर पाली ग्रंथात मिलिंद झाला. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्याचंच नाव दिलं, आणि किती तरी मराठी घरांत मिलिंद जन्मले. एका ग्रीक राजाचं नाव आपण कुंची घालून पाळण्यात घातलं, हे बहुतेकांच्या लक्षातही नसतं.

आता महाराष्ट्र. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३ हजारांहून अधिक नाणी, क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती, नहपान याची. नहपान ग्रीक नव्हता. पण त्याच्या नाण्यावर तीन लिप्या आहेत : ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक. ब्राह्मीत ‘राञो क्षहरातस नहपानस’. आणि ग्रीक अक्षरांत काय असावं? ‘बासिलेओस’ नाही. ग्रीक अक्षरांत लिहिलंय ‘रान्निओ’. आपलाच ‘राञो’, म्हणजे ‘राजाचं’, ग्रीक अक्षरांत जसाच्या तसा! अक्षरं त्यांची, राजा आपला. साठ्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवल्यावर स्वतःचा छाप पुन्हा मारला. त्यामुळे पुष्कळ नाण्यांवर खालचा राजा आणि वरचा राजा दोघेही एकदम दिसतात, नहपानाचं नाक आणि त्यावर सातवाहनांचं चैत्याचं चिन्ह.

मी असं एक नाणं एका संग्राहक मित्राच्या घरी हातात घेतलं होतं. करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठं. कडेची ग्रीक अक्षरं निम्मी झिजलेली, पण ‘ऱ्हो’ आणि ‘आल्फा’ लागले. तुम्हाला नाणी बघायची असतील तर त्र्यंबकच्या रस्त्याला अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे संग्रहालय आहे. भिंग घेऊन जा, आणि बरोबर लहान मूल असेल तर त्याला आधी नाक शोधायला सांगा, अक्षरं नंतर.